रातपाळीचे शरीर

उसाला पाणी द्यायचे तर आधी लाईट कधी आहे ते पाहावे लागते. महाराष्ट्रात शेतीपंपांच्या थ्री फेज विजेचे वेळापत्रक फिरते असते. काही दिवस ती दिवसा मिळते, काही दिवस रात्री; कुठे हा पालट आठवड्याने होतो, कुठे तीन-चार दिवसांनी. रात्रीची लाईट असली की बारा-एकच्या सुमाराला माणूस गमबूट चढवून, बॅटरी घेऊन रानात जातो. मोटर सुरू करायला आता जावे लागत नाही. ऑटोचा डबा बसवला की लाईट आल्याबरोबर ती आपली आपण चालू होते. दारे मात्र माणसालाच धरावी लागतात. एक सरी भरली की खोऱ्याने माती ओढून पाणी पुढच्या सरीला वळवायचे, आणि ती भरेपर्यंत बांधावर बसायचे, साप आणि बिबट्या यांचा कानोसा घेत. मध्येच लाईट गेली तर येईपर्यंत वाट पाहायची. पहाटे घरी यायचे, तोवर धारा काढायची वेळ झालेली असते. चार दिवसांनी हे सगळे उलटते आणि त्याच माणसाने रात्री दहाला गाढ झोपावे, अशी अपेक्षा असते.

या माणसाला कोणी शिफ्टमध्ये काम करणारा म्हणत नाही. शरीराच्या घड्याळाची मोडतोड आणि तिचे आरोग्यावर होणारे परिणाम यांवर जगभर जे संशोधन झाले, त्यात परिचारिका आहेत, वैमानिक आहेत, कारखान्यातले कामगार आहेत. फिरत्या पाळीत पाणी भरणारा शेतकरी त्यात जवळजवळ नाही. या पुस्तकाला हात घातला तो हे खटकले म्हणून.

या विषयावर मराठीत अलीकडे बोलले जाते, नाही असे नाही. पण सूर बहुधा एकच. लवकर निजा, लवकर उठा, मोबाइल उशाशी ठेवू नका, ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व पूर्वजांना ठाऊकच होते. सल्ला खोटा नाही. फक्त तो अशा माणसाला दिलेला आहे, ज्याचे वेळापत्रक त्याच्या स्वतःच्या हातात आहे. वॉर्डात नाइट ड्यूटी करणारी सिस्टर, बंदोबस्तावरचा हवालदार, हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळाने काम करणारा मुलगा, एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेला वॉचमन यांना तो ऐकवणे म्हणजे निव्वळ चेष्टा आहे. घड्याळ शरीराचे असले, तरी ते बिघडवणारे वेळापत्रक दुसऱ्याच कोणीतरी आखलेले असते. पुढची सगळी प्रकरणे या एका गोष्टीभोवती फिरतात, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो.

पण आधी घड्याळ खरेच आहे का, हे पाहायला हवे. रात्री झोप येते ती अंधार पडतो म्हणून आणि सकाळी जाग येते ती उजेड होतो म्हणून, असे समजायला काय हरकत होती? 1729 साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां-झाक द मेरां याने ही शंका लाजाळूच्या रोपावर तपासली. लाजाळूची पाने दिवसा उघडतात, संध्याकाळी मिटतात. त्याने रोप अंधारात ठेवले. पाने तरीही आपल्या वेळेला उघडत राहिली. शंभर वर्षांनी, 1832 मध्ये, स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याच्या लक्षात आले की सतत सारख्याच उजेडात ठेवले तर लाजाळूचा दिवस 24 तासांचा राहत नाही, 22-23 तासांचा होतो. हे फार मोलाचे होते. वेळ बाहेरून कळत असती तर ती बरोबर 24 तासांचीच निघाली असती. थोडी चुकते, त्याअर्थी ती आतून येते.

माणसावरचा सगळ्यात अचाट प्रयोग 1962 चा. मिशेल सिफ्र नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या स्कारासों या गुहेत, सुमारे 130 मीटर खोल, बर्फाशेजारी तंबू ठोकून दोन महिने राहिला. जवळ घड्याळ नाही, वर सूर्य नाही. उठला, जेवला, झोपला की टेलिफोनवरून वरच्या साथीदारांना कळवायचे. त्यांनी मात्र वेळ सांगायची नाही, असा करार. तो 16 जुलैला आत गेला. 14 सप्टेंबरला साथीदारांनी मुदत संपल्याचे सांगितले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची 20 तारीख होती. सेकंदाला एक या गतीने 120 पर्यंत आकडे मोजायला त्याला सांगत, तर दोन मिनिटांच्या त्या कामाला तो पाच मिनिटे घेई. मनाचा हिशेब असा पार ढासळला होता. पण त्याच्या झोप-जागेच्या नोंदी लावून पाहिल्या तेव्हा त्याचा दिवस सरासरी साडेचोवीस तासांचा निघाला. मन पंचवीस दिवस मागे पडले आणि शरीर रोज जेमतेम अर्धा तास चुकले.

जर्मनीत आंडेक्सला युर्गेन आशॉफ आणि रुटगर व्हेफर यांनी जमिनीखाली खोल्या बांधून हेच काम वर्षानुवर्षे, शेकडो स्वयंसेवकांवर केले. आता अधिक काटेकोर मापनांवरून माणसाचे घड्याळ सरासरी 24 तास 10-12 मिनिटांचे धरतात. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ओढून आणतो.

भारतातला एक अध्याय मात्र आपल्याकडच्या डॉक्टरांनाही सहसा माहीत नसतो. एम. के. चंद्रशेखरन हे जर्मनीत ट्यूबिंगेनला एर्विन ब्युनिंग यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतले आणि मदुराई कामराज विद्यापीठात त्यांनी वटवाघळांवर प्रयोग मांडले. त्या भागातल्या एका गुहेत वटवाघळांची वसाहत होती, संध्याकाळ झाली की बाहेर पडणारी. गुहेच्या आतल्या भागात कायमचा काळोख. चंद्रशेखरन आणि त्यांचे विद्यार्थी मारिमुथु, सुब्बराज यांनी एकेक वटवाघूळ पिंजऱ्यात घालून त्या काळोखात ठेवले. सूर्य न दिसताही त्याची फडफड वसाहतीच्या वेळेला बांधलेली राहिली. जिथे दुसरी वटवाघळे नव्हती अशा गुहेत तसाच पिंजरा ठेवला, तर त्याचा दिवस आपल्या चालीने सरकत गेला. म्हणजे घड्याळ लावायला उजेडच लागतो असे नाही, भोवतालच्यांची ये-जा पुरते. 1981 च्या सुमारास प्रसिद्ध झालेले हे काम जगभर वाचले गेले. मदुराईतच पुढे माणसांसाठीही बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देणारी खोली झाली. एवढे सगळे आपल्याच देशात होऊनही शालेय पुस्तकात लाजाळू येते ती स्पर्शाने मिटते म्हणून, आणि वटवाघूळ येते ते सस्तन असून उडते म्हणून.

या घड्याळाचे यंत्र सापडायला आणखी वेळ लागला. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात रॉन कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाशीचे तीन बिघडलेले वाण मिळाले. एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 चा, तिसरीला दिवसच नाही, केव्हाही जागी, केव्हाही झोपलेली. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. 1984 मध्ये ते जनुक जेफ्री हॉल व मायकेल रोझबाश आणि स्वतंत्रपणे मायकेल यंग यांनी वेगळे काढले. त्याचे काम थोडक्यात असे : पेशी एक प्रथिन बनवते, ते साठत जाते, पुरेसे साठले की पेशीच्या केंद्रात शिरून स्वतःचीच निर्मिती थांबवते, मग हळूहळू विरते आणि निर्मिती पुन्हा सुरू होते. या एका फेऱ्याला सुमारे 24 तास लागतात. 2017 चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले. वर्तमानपत्रांत तेव्हा ‘झोपेच्या संशोधनाला नोबेल’ अशा अर्थाचे मथळे आले. ते बरोबर नव्हते. झोप हा या यंत्राचा एक दिसणारा काटा आहे, एवढेच. रक्तदाब, शरीराचे तापमान, इन्सुलिन, पचनाचे स्राव, पेशींचे विभाजन हे सगळे याच फेऱ्यावर चालते.

माणसाच्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थेट वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. ते मुख्य घड्याळ. त्याला उजेडाची खबर डोळ्यातल्या अशा पेशींकडून मिळते, ज्या चित्र पाहण्यासाठी नाहीतच. त्या फक्त उजेड मोजतात, आणि निळसर उजेड त्यांना सर्वांत जास्त लागतो. या पेशींची ओळख पटली ती 2002 च्या आसपास. त्या शोधात मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांचाही वाटा होता. पण घड्याळ एकट्या मेंदूत नाही. यकृत, स्वादुपिंड, हृदय, आतडी, चरबी, जवळजवळ प्रत्येक अवयवाला आपापले घड्याळ आहे. यकृताचे घड्याळ लागते ते मुख्यतः अन्नाच्या वेळेवर. रात्री दोनला डबा उघडला की मेंदू म्हणतो रात्र आहे, यकृत म्हणते दिवस उजाडला. मुंबईत 1955 पर्यंत स्टँडर्ड टाइम आणि त्याच्या 39 मिनिटे मागे चालणारा बाँबे टाइम एकाच शहरात नांदत होते, पण निदान कोणत्या घड्याळात काय वाजले हे लोकांना माहीत तरी होते. शरीरात ही सोय नाही.

रात्रीचे काम आपल्याकडे आले ते विजेच्या दिव्याबरोबर. मुंबईच्या कापड गिरण्यांत आधी सूर्यच मुकादम होता. उजेड सरला की साचे थांबत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1905 मध्ये यावरून गिरणगावात असंतोष उसळला, चौकशी समित्या बसल्या, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे तीन पाळ्या झाल्या. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. गिरणीच्या भोंग्यावर सगळा परळ-लालबाग उठत, जेवत, झोपत असे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गडी राहू शकत ते पाळ्यांमुळेच; एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी अंथरूण टाकी. खानावळवालीला दिवसातून तीनदा ताटे वाढावी लागत, म्हणजे तिचीही पाळी होतीच, फक्त तिला बदली कामगार नव्हता. गिरणगावावर मराठीत एवढे लिहिले गेले. संप, युनियन, तमाशे, दहीहंड्या सगळे आले. तिसऱ्या पाळीने माणसाच्या शरीराचे काय केले, हे मात्र त्यात शोधावे लागते.

काय केले असेल? थेट मोजणी नाही, पण अंदाज बांधता येतो. 2009 मध्ये बोस्टनला फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांना मंद उजेडात, 28 तासांचा दिवस करून ठेवले. त्यामुळे थोड्याच दिवसांत त्यांचे खाणे-झोपणे आतल्या घड्याळाच्या बरोबर उलट झाले. अन्न तेच, कॅलरी त्याच. तरी इन्सुलिन वाढूनही साखर वर गेली, रक्तदाब वाढला, पोट भरल्याची खबर देणारे लेप्टिन घसरले. ज्या आठ जणांच्या जेवणानंतरच्या साखरेची पुरती नोंद झाली, त्यांतल्या तिघांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली. काही दिवसांच्या उलथापालथीने हे होते, तर वीस वर्षांच्या रातपाळीने काय होईल याची कल्पना करा, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. प्रयोगातली दहा माणसे आणि आयुष्यभराची नोकरी यांच्यामध्ये पुष्कळ अंतर आहे.

कर्करोगाच्या बाबतीत हे अंतर चांगलेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आणि 2019 मध्ये रात्रीच्या कामाविषयी हाच निष्कर्ष कायम ठेवला. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, तीस किंवा अधिक वर्षे फिरती रातपाळी केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळले होते. उलट 2016 मध्ये ब्रिटनमधल्या लाखो स्त्रियांच्या नोंदींतून असा संबंध निघाला नाही. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत. रात्री काम करणारी माणसे बहुधा कमी पगाराची, अधिक तंबाखू खाणारी, घाईत खाणारी असतात. त्यातून घड्याळाचा वाटा वेगळा काढणे अवघड असते. ‘बहुधा’ हा शब्द संस्थेने उगाच घातलेला नाही, आणि आपल्याकडच्या बातम्यांत तो उगाचच गळतो. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार यांच्या बाबतीत पुरावा अधिक एकमुखी आहे, म्हणून या पुस्तकात त्यांना जास्त जागा दिली आहे.

घड्याळाच्या नावाखाली काहीही खपवण्याची एक नवी रीतही आली आहे. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली की हृदयविकाराचा झटका निम्म्याने टळतो, असे काही वर्षे ऐकू येत होते. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक पडला नाही. तशीच चेर्नोबिल, थ्री माइल आयलंड, भोपाळ ही यादी. सगळे अपघात मध्यरात्रीनंतरचे, म्हणून दोष पेंगणाऱ्या मेंदूचा. पहाटे तीन-चारला सावधपणा तळाला जातो हे खरेच. ट्रक चालवणाऱ्या कोणालाही विचारा. पण भोपाळला त्या रात्री विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि ती झोपेमुळे बंद नव्हती, पैसे वाचवायला बंद ठेवलेली होती. त्याचे खापर घड्याळावर फोडले की ज्यांच्यावर फुटायला हवे ते सुटतात.

रातपाळीची सवय होते का, हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. झोपेची होते, असे लोक सांगतात. घड्याळाची बहुतेकांना होत नाही. कारण साधे आहे. आठ वाजता ड्यूटी संपवून बसस्टॉपवर उभे राहिले की तोंडावर ऊन येते आणि रात्रभर जे थोडे सरकले होते ते जागेवर येते. त्यात सुटीच्या दिवशी माणूस घरच्यांच्या वेळेने जगतो; मदुराईच्या वटवाघळाप्रमाणे त्यालाही आपल्या माणसांत राहायचे असते. आणि बाई असेल तर दिवसाची झोप मिळतेच कुठे? नाइट करून आलेली सिस्टर मुलांचे डबे भरते, सासूबाईंची औषधे पाहते, गॅसवाला येऊन जाईपर्यंत जागी राहते, आणि दुपारी डोळा लागतो न लागतो तोच शाळेची व्हॅन दारात येते. ‘दिवसभर घरीच तर असते’ हे वर ऐकायचे. या पुस्तकासाठी ज्या परिचारिका माझ्याशी बोलल्या, त्यांना साखर आणि रक्तदाब यांची भीती वाटत होतीच, पण त्यांची पहिली तक्रार ही होती.

धोरण करणाऱ्यांनी काहीच केले नाही, असे नाही. 2016 मध्ये मुंबईत पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग देवनार ठाण्यापासून सुरू झाला. 2017 पासून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिन्यांची योजना आली. ती जिथे पोचली तिथे दारे उन्हात धरली जातात, जिथे पोचली नाही तिथे बॅटरीचे सेल अजून लागतात. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. हेतू चांगला होता. पण लहान मुलांचे घड्याळ मुळात लवकरचे असते. वयात येताना ते मागे सरकू लागते, आणि विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असते. म्हणजे ज्यांना सकाळी उठवत नाही ती नववी-दहावीची मुले सातच्या शाळेला आणि त्याआधी सहाच्या क्लासला जातच राहिली. त्यांना घरोघर आळशी म्हटले जाते. सोळा वर्षांच्या मुलाचे सकाळचे सहा म्हणजे त्याच्या आजोबांचे सहा नव्हेत. एका घरात, एका घड्याळाखाली, दोघांच्या पेशींत वेगवेगळे वाजलेले असतात.

या पुस्तकात ‘दहा सोपे उपाय’ नाहीत. जिथे पुरावा बरा आहे तिथे सांगितले आहे : रात्रीचे जेवण पाळी सुरू होण्याआधी उरकणे, मध्यरात्रीनंतर पोटात भर घालणे टाळणे, घरी जाताना गडद चष्मा लावणे, खोलीत पूर्ण अंधार करणे, पाळ्या फिरवायच्याच तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवणे. यातले शेवटचे कामगाराने करायचे नसून मॅनेजरने करायचे आहे, आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

एक लहानसे प्रकरण डॉक्टरांसाठी आहे, त्याविषयी सांगून थांबतो. आपल्याकडच्या केसपेपरवर तंबाखू, दारू, घरचा मधुमेह यांची विचारणा असते. कामाची वेळ विचारणारी ओळ सहसा नसते. औषधाच्या चिठ्ठीवर 1-0-1 असे लिहितात, म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. रात्री नऊला कामावर जाणारा, पहाटे तीनला डबा खाणारा, सकाळी नऊला झोपून चारला उठणारा वॉचमन या चिठ्ठीतली सकाळ कोणती समजतो, हे मी बऱ्याच जणांना विचारले. कोणी उठल्यावर गोळी घेतो, कोणी झोपण्याआधी, कोणी घरचे जेवायला बसतात तेव्हा. एकाने सांगितले, रात्रीची गोळी घेतली की कामावर हातपाय थरथरतात, घाम येतो, म्हणून ती तो घेतच नाही. गोळी साखरेची होती, आणि ती घेतल्यानंतर सहा तास तो उपाशी असे. हे त्याने डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. त्या प्रकरणाच्या शेवटी केसपेपरसाठी तीन प्रश्न दिले आहेत : कामाची वेळ काय, पाळी किती दिवसांनी बदलते, आणि दिवसातले सर्वांत मोठे जेवण किती वाजता होते. शेतकरी असेल तर चौथा, सध्या लाईट रात्रीची आहे की दिवसाची.